काय लावू?

परवा दुपारी धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. सोयाबीनचा भाव झाला, गुडघे झाले, नातवंडांच्या परीक्षा झाल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "ताई, आमच्या टॉम्याला लई खाज सुटलीय हो. तुमच्या चिंगीला तुम्ही काय लावलं होतं?"

मी म्हणाले, "काहीच नाही लावलं."

"असं कसं? काहीतरी लावलंच असेल की. इथं सगळे म्हणतात जळकं ऑइल लावा. गॅरेजवाल्याकडून आणूनही ठेवलंय डबाभर."

मग खरी गोष्ट बाहेर आली. भाऊजी म्हणतात, आठ दिवसांत थांबलं नाही तर धरणाच्या रस्त्याला सोडून येतो. लेकरं त्याच्याजवळ झोपतात, त्यांना खरूज लागली तर?

मी फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ऑइलचा डबा परत करा, एवढं तरी कबूल करून घेतलं. पण फोन ठेवल्यावर माझं समाधान होईना. कारण हा प्रश्न काही एकट्या जाऊबाईंचा नाही. चिंगीच्या दोन वर्षांच्या दुखण्यात मला जो भेटला त्याने "काय लावलं?" एवढंच विचारलं. "कशामुळे होतंय?" असं कोणीही विचारलं नाही. मीही नाही. म्हणून आज जरा भांडायला बसले आहे. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये, आणि मानलाच तर मानावा.

आधी चिंगीची ओळख, ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी. पांढरी, झुपकेदार शेपटीची, सहा किलो वजनाची. आणली तेव्हा सगळे पामेरियन म्हणायचे, खरं तर आपल्याकडे पामेरियन म्हणून मिळतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. चिरंजीवांची बदली बंगळुरूला झाली आणि चिंगी आमच्याकडे आली ती आमचीच झाली. दोन-अडीच वर्षांची असताना एका श्रावणात तिला खाज सुरू झाली. शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडायची. पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झाले. आणि रात्री... रात्री दोन वाजता मागचा पाय फरशीवर आपटत खाजवण्याचा तो आवाज. टक् टक् टक् टक्. ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको.

मग सुरू झाले उपाय. खोबरेल तेलात कापूर. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ. हळद. गंधक. पाण्यात डेटॉल. फिनेलचे दोन थेंब (हे एका सुशिक्षित भाच्याने सांगितलं!). रॉकेलचा बोळा. मीठ बंद करा, मिठाने केस गळतात. गूळ बंद करा, गोड खाल्लं की कुत्र्याला खरूज होते. एका विहीणबाईंनी तर अमावास्येला दृष्ट काढायला सांगितली. त्यातल्या त्यात दृष्ट निरुपद्रवी, तीही काढली.

तुम्ही म्हणाल, आजीबाईच्या बटव्याला नावं का ठेवता? मंडळी, मी स्वतः आजी आहे. पंचाहत्तरी गाठली आहे. बटवा माझ्याच कमरेला आहे, म्हणून तर तो उघडून दाखवण्याचा मला अधिकार आहे.

बटव्यातली पहिली चूक अशी. आपण कुत्र्याला जे लावतो ते तो चाटतो. माणसाच्या पाठीला बाम लावला तर माणूस तो चाटत नाही. कुत्र्याच्या बाबतीत लावलेलं औषध म्हणजे पोटात गेलेलं औषध. कापूर कुत्र्याला विषारी आहे, पोटातून जातो आणि कातडीतूनही शोषला जातो. रॉकेलने कातडी भाजल्यासारखी होते, आणि ते चाटताना श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते. फिनेलचं तर बोलायलाच नको. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि जळून तयार झालेली घातक रसायनं असतात. गाडीवाल्याला ते हाताला लागलं तर तो साबणाने हात धुतो. आणि आपण ते जिवंत प्राण्याच्या अंगभर चोपडतो, वर "दोन दिवस धुऊ नका" असंही सांगतो!

दुसरी चूक मापाची. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ असते, आणि त्यातून हे लहान कुत्रं. साठ किलोच्या माणसाच्या मानाने चिंगी एक दशांश. साडेतीनशे किलोच्या बैलाशी तुलना केली तर जेमतेम साठावा हिस्सा. शिवाय देह जितका लहान तितकी किलोमागे कातडी जास्त, म्हणजे अंगाला लावलेलं शोषून घ्यायला जागा जास्त. आपल्या भागात घरोघरी जनावरांच्या गोचिडाचं औषध असतं. बाटलीतलं टोपणभर औषध बादलीभर पाण्यात टाकायचं असतं. कोणीतरी अंदाजाने ओततो, आणि रात्री ते लहानसं कुत्रं थरथर कापायला लागतं. मग म्हणायचं, "आयुष्यच संपलं होतं बिचाऱ्याचं." आयुष्य नव्हतं संपलं. आपलं गणित चुकलं होतं.

आणि "नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. बिब्बा नैसर्गिकच आहे ना? अंगावर उतला म्हणजे काय होतं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रुईचा चीक नैसर्गिक आहे. धोतरा नैसर्गिक आहे. नैसर्गिक म्हणजे एवढंच की ते झाडाला आलं. ते चिंगीला चालेल की नाही हे झाडाने कुठे लिहून ठेवलेलं नाही.

कडुलिंबाच्या आंघोळीने चिंगीला फारसा अपाय झाला नाही, हे कबूल. थंड पाण्याने तासभर बरंही वाटलं. पण तासाभराने पुन्हा टक् टक् टक्.

आता माझ्याच चुकीकडे येते. ती सांगितल्याशिवाय इतरांना बोलण्यात अर्थ नाही.

बटवा रिकामा झाल्यावर मी कपाट उघडलं. आमच्या ह्यांच्या नायट्याची मलमाची ट्यूब होती, ती चिंगीच्या पंज्यांना लावली. तिने ती पाच मिनिटांत चाटून साफ केली. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. (अशी मलमं लोक दुकानातून आपल्या मनाने घेत आणि त्याने नायटे आणखी चिवट होत. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. हे मला नंतर कळलं.) मग एक जण घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले. काय चमत्कार! त्या रात्री चिंगी झोपली. आम्हीही झोपलो. मी चार जणांना फोन करून सांगितलं की आता बघा, एका इंजेक्शनात काम झालं.

तीन आठवड्यांनी खाज परत आली. पुन्हा इंजेक्शन. पुन्हा तीन आठवडे. असं पाच वेळा झालं. मधल्या काळात चिंगी वाडगेच्या वाडगे पाणी प्यायला लागली, जन्मात कधी घरात शू न करणारी ती देवघरासमोर शू करायला लागली आणि खाली मान घालून उभी राहायला लागली. भूक राक्षसासारखी. पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले. आम्ही म्हणायचो, वय झालं. चार वर्षांच्या कुत्रीचं वय झालं!

ते इंजेक्शन शरीरात आठवडेच्या आठवडे राहणारं स्टिरॉइड होतं. मला स्टिरॉइडवर आग पाखडायची नाही. कारण शोधून, थोडे दिवस, गोळीच्या रूपात, मात्रा हळूहळू कमी करत दिलं तर ते चांगलं औषध आहे, असं मला ज्यांनी समजावलं त्या डॉक्टरांनीच सांगितलं. पण गोळी उद्या बंद करता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. आणि कारण न शोधता ते टोचत राहणं म्हणजे...

म्हणजे काय, हे सांगायला मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१९७४ साल असेल. मी नुकतीच नोकरीला लागले होते. बहात्तरच्या दुष्काळातून गावं जेमतेम सावरत होती. चौथीच्या वर्गात तिसऱ्या ओळीत एक मुलगा होता. सारखी चुळबुळ. कविता म्हणताना चुळबुळ, पाढे म्हणताना चुळबुळ. बोटांच्या बेचक्या खाजवत बसायचा. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याच हातावर पट्टी मारली. तो गप्प बसला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. मला वाटलं, शिस्त लागली.

पंधरा दिवसांनी आरोग्य खात्याचा माणूस शाळेत आला. त्याने त्या पोराचे हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि मला विचारलं, "बाई, हा वर्गात झोपतो का हो?" झोपायचाच. खरूज होती. रात्रभर घरातलं कोणीच झोपत नव्हतं. एक खोली, दोन गोधड्या आणि सहा माणसं. त्याने पांढरं औषध दिलं आणि बजावलं, एकट्या पोराला लावून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा, कपडे उकळा, गोधड्या उन्हात टाका. महिन्याभरात तो मुलगा शांत बसायला लागला. या वेळी हात मांडीवर होते.

मी पट्टी मारली तेव्हाही तो गप्प झाला होता. गप्प होणं आणि बरं होणं यात किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं होतं. कळलं होतं आणि चिंगीच्या वेळी मी विसरले. पाच इंजेक्शनं म्हणजे पाच पट्ट्या, दुसरं काही नाही.

शेवटी तिला परभणीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी औषधाला हात न लावता आधी अर्धा तास प्रश्नच विचारले. खाज कुठे जास्त? कोणत्या महिन्यात? खाते काय? झोपते कुठे? घरात आणखी कोणाला खाज आहे का? मग बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली. काळे कण निघाले, मला वाटलं माती. ते त्यांनी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले आणि कापूस लालसर झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. दोन वर्षं आमच्या घरात पिसवा होत्या आणि आम्ही तिच्या तोंडचा गूळ काढून घेत होतो!

मी म्हणाले, "पण डॉक्टर, मला तर एकही पिसू दिसली नाही." त्या म्हणाल्या, ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोडे चावेही पुरतात. शिवाय कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा विसावा हिस्सा. बाकी सगळं, अंडी, अळ्या, कोश, हे अंथरुणात, फटींत, सतरंजीखाली असतं. कोशातली पिसू तर काही महिने दबा धरून बसू शकते.

पुन्हा तेच. एकट्या पोराला लावून उपयोग नाही, गोधड्या उन्हात टाका.

पात्याने कातडी हलकेच खरवडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे मिळाले नाहीत. पंज्यांत आणि कानांत मात्र बुरशीसारखा एक जंतू वाढलेला होता, त्यानेही खाज वाढते. मग उपचार. वजनाप्रमाणे पिसू-गोचिडाची गोळी, दर महिन्याला. आठवड्याला एकदा औषधी शांपू, आणि तो लावून घड्याळ बघून दहा मिनिटं थांबायचं, लगेच धुवायचा नाही. अंथरूण गरम पाण्यात, मग कडक उन्हात. घराचा कोपरा न् कोपरा झाडायचा. हे सलग तीन महिने. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा दिसल्या तेव्हा आमचे हे म्हणाले, औषध खोटं आहे. खोटं नव्हतं, कोशातल्या पिसवा बाहेर येत होत्या. तिथेच थांबलो असतो तर सगळं फुकट गेलं असतं.

तीन महिन्यांत खाज बारा आण्यांनी कमी झाली. शेपटीकडची थांबली. पंजे चाटणं राहिलं.

मग डॉक्टर म्हणाल्या, आता अन्न तपासू. गूळ आणि मीठ या दोघांवर आपण उगाच वर्षानुवर्षं खटला चालवत आलो आहोत. २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता. अन्नाची ॲलर्जी निश्चित झालेल्या २९७ कुत्र्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला गोमांस सोसत नव्हतं, त्याखालोखाल दूध, चिकन आणि गहू. म्हणजे आपण ज्या दूध-पोळीला सात्त्विक म्हणतो ती आरोपींच्या पिंजऱ्यात होती. रक्त तपासून हे खात्रीने कळत नाही. एकच मार्ग, जे तिने जन्मात खाल्लं नाही तेवढंच आठ आठवडे द्यायचं, दुसरा कणही नाही. चिंगीने दूध, पोळी, चिकन, अंडी सगळं खाल्लेलं. उरले मासे आणि बटाटा.

आणि आमचं घर माळकरी.

मी दोन दिवस काही बोलले नाही. मग ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नामदेवांच्या ताटातली पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नकोस म्हणाले. आता याला पोळीच नको असेल तर वाटी घेऊन काय करायची?" नामदेवांची नर्सी १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होती, नंतर हिंगोलीत गेली. आमच्याकडे ही गोष्ट घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगतात. मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं आणि येलदरीच्या धरणातले मासे त्या पातेल्यात शिजायला लागले. गल्लीत काय काय चर्चा झाली असेल ती पांडुरंगालाच ठाऊक.

पाचव्या आठवड्यात मी ह्यांना रंगेहाथ पकडलं. पायरीवर बसून चिंगीला पोळी भरवत होते. तूप लावून! म्हणे, तिच्याकडे बघवत नव्हतं. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. भूतदयेलाही वेळापत्रक पाळावं लागतं, हे मी त्यांना त्या दिवशी जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

आठ आठवडे पूर्ण झाले. पंजे चाटणं तसंच होतं. म्हणजे पोळी निर्दोष सुटली.

सगळे म्हणाले, बघा, वाया गेलं. मी म्हणते, अजिबात नाही. चार पर्यायांतला चुकीचा पर्याय खात्रीने खोडला की उत्तर जवळ येतं, हे मी पोरांना तीस-पस्तीस वर्षं शिकवत आले. चिंगीला तिची पोळी परत मिळाली, ती कायमची. आणि उरलं ते उत्तर डॉक्टरांनी सांगितलं. हवेतल्या, धुळीतल्या गोष्टींची ॲलर्जी. परागकण, बुरशी, गाद्या-गोधड्यांच्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे. ही बहुधा कुत्रं सहा महिने ते तीन वर्षांचं असताना सुरू होते. चिंगी अगदी त्याच वयाची होती. ही मुळापासून जात नाही, सांभाळावी लागते. बाहेरून आली की पंजे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायचे. आंघोळ चालू. पिसवांची गोळी चालू. श्रावण-भाद्रपदात फार झालं तर ओक्लासिटिनिब नावाची गोळी. ही अमेरिकेत २०१३ मध्ये आली, खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारी साखळी ती मध्येच अडवते. तीही डॉक्टरांना विचारूनच. वर्षाच्या आतल्या पिल्लाला ती देत नाहीत आणि मोठा जंतुसंसर्ग असेल तरी देत नाहीत. पिसवांच्या ज्या नव्या गोळ्या आहेत त्यांच्याबद्दलही अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ मध्ये इशारा दिला आहे की काही कुत्र्यांना त्याने झटके येऊ शकतात. म्हणून आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना सांगायचं. औषध बाजारातलं आहे म्हणून मी त्याची आरती ओवाळत नाही. मात्र त्याचं माप आणि त्याचे दोष लिहिलेले असतात. जळक्या ऑइलच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?

आता दोन आक्षेप.

पहिला, "गावातली कुत्री जगतात की हो, त्यांना कोण शांपू लावतं?" जगतात? एसटी स्टँडवर जाऊन बघा. कानाच्या कडा चामड्यासारख्या जाड झालेलं, अर्ध्या अंगावर केस नसलेलं एखादं तरी दिसेल. ते जगत नसतं, खाजवत असतं. आपण त्याच्याकडे न पाहण्याची सवय केली आहे. त्या सवयीला उपचार म्हणू नये.

दुसरा, "कुत्र्यावर एवढा खर्च?" मी शिक्षिका, हिशोब ठेवला आहे. तेलं, मलमं, पाच इंजेक्शनं आणि त्यांनी बिघडवलेलं निस्तरण्याचा खर्च हा सगळा फणीच्या आणि गोळीच्या खर्चापेक्षा जास्त झाला. गोळीचा महिन्याचा खर्च एका लग्नाच्या आहेराएवढा. आणि परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे. आपण म्हैस घेऊन जातो, बैल घेऊन जातो आणि कुत्रं न्यायला लाजतो. "कुत्र्याला काय दवाखाना?" असं म्हणणारे लोक तिथून चार कोसांवर राहतात.

आता जाऊबाई, हे खास तुमच्यासाठी. टॉम्याला काहीही लावू नका. फणी फिरवा, ओल्या कापसावर काळे कण लाल होतात का बघा. त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळा. लगेच मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरजेचा संशय धरा आणि उद्याच डॉक्टरांकडे न्या. तपासणीत किडे सापडले नाहीत तरी डॉक्टर कधी कधी संशयावरून औषध देतात, त्याला नाही म्हणू नका. तोपर्यंत लेकरं वेगळी झोपू देत. कुत्र्याच्या खरजेने माणसाला पुरळ येतं, खाज येते, पण तो किडा माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही. कुत्रं बरं झालं की लेकरंही बरी होतात. खरजेचा दुसराही एक प्रकार असतो, केसांच्या मुळांत राहणाऱ्या किड्यांचा, तो तर माणसाला लागतच नाही. आणि तिकडे स्टिरॉइड दिलं तर तो उलट भडकतो. म्हणजे बघा, कोणती खरूज हे न पाहता दिलेलं एक इंजेक्शन किती महाग पडू शकतं.

आणि भाऊजींना माझा नमस्कार सांगून एवढं सांगा. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे. एवढ्या पैशात तर धरणाच्या रस्त्यापर्यंतचं पेट्रोलही येत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीने त्यांनी ऐकावं अशी माझी अपेक्षा नाही. त्यांनी एक रात्र टॉम्याशेजारी खाट टाकून झोपावं आणि तो आवाज मोजावा. मग काय करायचं ते ठरवावं.

लोक मला विचारतात, चिंगी बरी झाली का? नाही झाली. भाद्रपदात अजूनही पंजे चाटते, मग आम्ही पंचांग बघून गोळीची चिठ्ठी काढतो. पण काल रात्री दोन वाजता मला जाग आली ती माझ्याच गुडघ्यांमुळे. पाच मिनिटं कानोसा घेतला. फरशीवर आवाज नव्हता. चिंगी ह्यांच्या चपलेवर डोकं ठेवून घोरत होती.

असो. संध्याकाळी जाऊबाईंना पुन्हा फोन करायचा आहे. डबा परत केला का, ते विचारायचं आहे.